जळालेल्या मापकाठ्या

आम्ही दोघी सख्ख्या जावा. आज रेडिओवर बोलायला बोलावलंय ते घरच्या घरी सुतारकाम कसं करतो ते सांगायला. आम्हाला भाषण करता येत नाही. सोप्यात बसून शेजारणीला सांगावं तसं सांगतो. एकीचं काही राहिलं की दुसरी सांगेल.

आमचं सासर सुताराचं. सासऱ्यांना सगळं गाव आण्णा म्हणतं, आम्हीही आण्णाच म्हणतो. पूर्वी बारा बलुतेदारांत सुतार असायचा. शेतकऱ्याचा नांगर, कुळव, पाभर वर्षभर दुरुस्त करून द्यायचा आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपलं बलुतं आणायचं. आण्णांनी त्याचा शेवट पाहिला. लोखंडी अवजारं आली, ट्रॅक्टर आला, मग ते बाजा, चौरंग, पाळणे, देव्हारे करायला लागले. आमचे दोघींचे मालक शहरात फर्निचरच्या कामावर गेले, ते महिन्यातून एकदा येतात. घरात राहिलो आम्ही दोघी, पोरं, आणि आण्णा.

दर खंडेनवमीला आम्ही आण्णांची हत्यारं धुवायचो, पुसायचो. वाकस, पटाशी, रंधा, करवत, सामता, गुण्या सगळ्यांना हळद-कुंकू लावायचो, झेंडूचं फूल ठेवायचो. पण हातात धरून कधी लाकडावर चालवलं नव्हतं. बाईनं वाकसाला हात लावायचा नाही असं कोणी स्पष्ट सांगितलंही नव्हतं. आमच्या मनातच ते आलं नाही.

मग आण्णांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सोप्यातल्या बाजेवर ते पडून असायचे. औषधपाण्याला पैसे लागायला लागले तेव्हा आम्ही बचत गटातून कर्ज काढलं आणि ठरवलं, हत्यारं घरात आहेत, जागा आहे, आपणच करून बघू. पॅकिंगच्या खोक्यांचं पाइनचं लाकूड स्वस्त मिळतं. सुरुवातीला दोन पाट केले. बरे झाले. हुरूप आला. मग एका बालवाडीचं काम मिळालं. मुलांना मांडी घालून समोर ठेवायला बारा बुटके चौरंग. पाय नऊ इंचांचा. बारा चौरंगांचे पाय अठ्ठेचाळीस.

आता आमचं काय चुकलं ते ऐका, कारण नवीन माणूस हीच चूक करतो. पहिला पाय आम्ही टेपनं मोजून कापला. दुसऱ्यासाठी पहिला पाय लाकडावर ठेवला, पेन्सिलीनं रेघ मारली, कापला. तिसऱ्यासाठी दुसरा ठेवला. चौथ्यासाठी तिसरा. असे अठ्ठेचाळीस. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या रेघेइतकी वाढ झाली. डोळ्याला दिसत नाही, पण शेवटचा पाय पहिल्याशेजारी उभा केला तर तीन सूत मोठा! आठ सुतांचा एक इंच, म्हणजे एक सेंटिमीटरच्या जवळपास फरक. वर आम्ही ढिगातून हाताला येतील ते पाय उचलून चौरंगांना बसवले. बारापैकी एकही चौरंग जमिनीवर नीट टेकेना. पोराने पेन्सिल टेकवली की डुगडुगायचा. कर्जातून आणलेलं लाकूड, आणि हप्ता पुढच्या आठवड्यात.

त्या दिवशी आण्णा बाजेवरून बघत होते. त्यांनी डाव्या हातानं बाजेची पाटी बडवली. आम्हाला वाटलं पाणी पाहिजे. पाणी दिलं, प्याले नाहीत. हात वर करून आढ्याकडे दाखवायला लागले. पाल पडली असेल म्हणून आम्ही वर बघितलं. दोन दिवस असंच. तिसऱ्या दिवशी धाकटीनं शिडी लावली आणि तुळईवर जे जे अडकवलेलं होतं ते एकेक काढून त्यांना दाखवलं. दोरी, नको. जुना कंदील, नको. मग एक काठी आली. अंगठ्याएवढी जाड, हातभर लांब, मध्ये मध्ये खाचा पाडलेल्या. ती त्यांनी डाव्या हातात घट्ट धरली. मग वाकून बाजेच्या पायाशी उभी लावली. खाच बरोबर पायाच्या डोक्याशी आली.

ती मापकाठी होती. बाजेच्या पायाची उंची, गाते कुठे बसवायचे, भोक किती, सगळं त्या एका काठीवर. आण्णांनी आयुष्यभर टेप कमी आणि काठ्या जास्त वापरल्या. प्रत्येक वस्तूची एक काठी. त्यामुळे त्यांची कुठलीही बाज घ्या, मापात फरक नाही.

मैत्रिणींनो, हे सांगताना आम्हाला अजून अवघड जातं. अशा काठ्यांचा एक अख्खा भारा तुळईवर होता. आदल्या पावसाळ्यात सरपण भिजलं होतं. अंघोळीचं पाणी तापवायला कोरडं काही नव्हतं, म्हणून आम्ही तो भारा काढला आणि बंबात घातला. आण्णा सोप्यातून बघत होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत. आम्हाला वाटलं, आजारपणामुळे तोंडाला चव नसेल.

दोनच काठ्या उरल्या होत्या. एक बाजेची. दुसरीवर फक्त तीन खाचा, एकमेकींपासून दीड-दीड फुटावर. ती कशाची ते आम्हाला कळेना. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकरी मामांनी बघितल्याबरोबर सांगितलं, ही पाभरीची. तीन फण दिंडात कुठे बसवायचे त्याची. शाळूच्या दोन ओळींत दीड फूट अंतर लागतं. पेरताना पाभरीचे फण एकसारख्या अंतरावर नसतील, तर पुढे कोळपं घातलं की ते ओळीच्या मधून न चालता पीकच कापत जातं. सुताराच्या एका सुताची चूक शेतकऱ्याला महिन्यानं कळते, असं ते म्हणाले. आम्ही डुगडुगणारे चौरंग बघितले आणि गप्प बसलो.

आधी चौरंग कसे वाचवले ते सांगतो, कारण डुगडुगणारं स्टूल प्रत्येकीच्या घरात असतं. अगदी सपाट शहाबादी फरशीवर ते ठेवायचं. जो पाय अधांतरी आहे त्याच्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून ते डुगडुगणं थांबवायचं. मग एक चपटा ठोकळा घ्यायचा, त्याच्यावर पेन्सिल आडवी दाबून धरायची, आणि फरशीवरून तो ठोकळा सरकवत चारही पायांभोवती रेघ फिरवायची. त्या रेघेवर चारही पाय कापायचे. चारही एका पातळीत येतात. आमचे चौरंग अर्ध्या इंचानं बुटके झाले, पण बालवाडीच्या बाईंनी घेतले. हप्ता गेला.

त्यानंतर आम्ही ठरवलं, वस्तूला हात लावायच्या आधी तिचा फर्मा करायचा. कारखान्यात याला जिग म्हणतात. कुणी साचा म्हणतं. काम एकच. माप आणि कोन एकदा नीट पकडून ठेवायचा, म्हणजे प्रत्येक वेळी डोळ्याला आणि हाताला परीक्षा द्यावी लागत नाही. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या, सगळ्यात उपयोगाचा फर्मा सांगतो. आम्ही त्याला करवतीचा पाट म्हणतो.

दीड फूट लांब आणि आठ इंच रुंद प्लायवूडचा किंवा फळीचा तुकडा घ्या. तो टेबलावर आपल्यासमोर आडवा ठेवा. आपल्या बाजूच्या कडेला, खालून, एक पट्टी स्क्रूनं ठोका. ती टेबलाच्या कडेला अडकते आणि पाट पुढे सरकत नाही. आता लांबच्या कडेला, वरून, दुसरी पट्टी बसवा, दीड इंच उंचीची. कापायचं लाकूड या पट्टीला टेकवून ठेवायचं. आपली करवत पुढे ढकलताना कापते, म्हणजे ढकलतो तेव्हा लाकूड आपोआप पट्टीवर दाबलं जातं. डाव्या हाताला नुसतं धरून ठेवायचं काम राहतं. पूर्वी आम्ही पायाखाली लाकूड दाबून कापायचो. थोरलीच्या अंगठ्यावर त्याची खूण अजून आहे.

आता उजव्या टोकापासून चार इंचांवर, वरच्या पट्टीत गुण्या लावून सरळ रेघ मारा आणि त्या रेघेवर करवतीनं पट्टी चिरून घ्या. खालच्या पाटापर्यंतच चिरायची, पाट कापायचा नाही. या चिरेच्या वाटेत स्क्रू येऊ देऊ नका. ही चीर म्हणजे करवतीची वाट. करवत त्या वाटेनं गेली की काप काटकोनातच येतो.

मग चिरेपासून डावीकडे नऊ इंच मोजा, अगदी नीट, दोनदा मोजा, आणि तिथे पट्टीला एक ठोकळा स्क्रूनं लावा. हा अटकाव. लाकडाचं टोक अटकावाला टेकवलं आणि चिरेतून करवत चालवली की पाय नऊ इंचांचा. अठ्ठेचाळीस कापा, शंभर कापा, मोजायचं नाही. अटकावाचा खालचा कोपरा पटाशीनं थोडा उडवून ठेवा, म्हणजे भुसा तिथे पडतो. नाहीतर भुसा अटकावाला चिकटतो, लाकूड तेवढं अलीकडे राहतं आणि तुकडा आखूड निघतो. आमचे चार पाय असे वाया गेले तेव्हा कळलं.

फर्मा चुकला तर त्यातून निघणारी प्रत्येक वस्तू चुकते, म्हणून आधी गुण्या तपासायचा. सरळ कडेच्या फळीला गुण्या टेकवून रेघ मारा. गुण्या उलटा करून त्याच ठिपक्यापासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर गुण्या बाद, आणि जितकं फाकलंय त्याच्या निम्मी त्याची चूक असते. गुण्या नसेल तर गवंड्याची युक्ती वापरा. एका बाजूला तीस सेंटिमीटर, दुसऱ्या बाजूला चाळीस, आणि तिरकं माप पन्नास भरलं तर काटकोन बरोबर. चौकट तपासायची असेल तर दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले पाहिजेत. वरची पट्टी बसवतानाही आधी एकच स्क्रू लावा, गुण्यानं सरळ करा, मगच दुसरा लावा.

आता आमच्या कामाचे कपडे. शेतात जाताना आपण साडीवरून मालकाचा जुना शर्ट घालतो ना, तोच घालायचा. पदर आत खोचलेला राहतो. बाहीचं बटण लावायचं, बाही लोंबती नको. केसांचा घट्ट अंबाडा. हातकरवतीला बांगड्या चालतात, पण विजेचं ड्रिल हातात घेतलं की बांगड्या, मंगळसूत्र, ओढणी काही लोंबतं ठेवायचं नाही. फिरत्या हत्याराला हातमोजेही घालायचे नाहीत, ते हातासकट ओढले जातात. सासूबाई असत्या तर मंगळसूत्राच्या बाबतीत काही बोलल्या असत्या. आम्ही ते शर्टाच्या आत घालून बटणं लावतो. ज्यांना पटत नाही त्यांना आण्णांची बाज दाखवतो, बोलणारे गप्प होतात.

चौरंगांनंतर आम्हाला एका गोष्टीनं झोप येईना. जळालेल्या काठ्यांची मापं. आण्णांना विचारावं तर वाचा नाही. मग धाकटी म्हणाली, काठ्या जळाल्या पण वस्तू कुठे जळाल्यात? गावात घराघरांत आण्णांच्या हातच्या वस्तू आहेत. आम्ही दुपारचं काम आटोपलं की कोऱ्या पट्ट्या घेऊन निघायचो. कुणाचा चौरंग, कुणाचा देव्हारा, कुणाचा पोळपाट. वस्तूशेजारी पट्टी धरायची आणि ब्लेडनं खुणा करायच्या. पेन्सिलीपेक्षा ब्लेडची खूण बारीक, हे आता आम्हाला कळलं होतं. घरी आलं की ती पट्टी आण्णांच्या हातात द्यायची. ते अंगठ्यानं खाचा चाचपायचे. बरोबर असेल तर मान डोलवायचे.

पाळण्याच्या काठीला त्यांनी मान हलवली. नाही. आम्ही परत त्या घरी गेलो, परत मोजलं. परत नाही. तिसऱ्यांदा तर त्यांनी काठी बाजेखाली टाकली. मग त्या घरच्या आजींना आठवलं की पाळण्याचे गज मोडले होते तेव्हा दुसऱ्याच कुणाकडून बदलून घेतले. गज कमी बसवले होते, मधली फट मोठी झाली होती. घरी येऊन आण्णांना सांगितलं. त्यांनी डावा हात वर केला आणि तीन बोटं एकमेकांना चिकटवून दाखवली. दोन गजांत फट तीन बोटं. आम्ही त्यांची बोटं मोजली, सव्वादोन इंच भरली.

नंतर आमच्या मालकांनी शहरातून चौकशी केली. बाळाच्या पाळण्याच्या दोन गजांत सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नसावी असं धरतात, कारण त्यातून बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. सव्वादोन इंच म्हणजे सहा सेंटिमीटरला थोडं कमी. आण्णांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. आम्ही त्याच दिवशी बाभळीचा सव्वादोन इंचांचा ठोकळा केला. पाळण्याचा गज बसवताना तो मध्ये धरायचा, गज ठोकळ्याला चिकटला की ठोकायचा, मग ठोकळा पुढे. पहिलं काम त्या आजींच्या पाळण्याचं केलं, पैसे न घेता. त्यात त्यांचं पणतवंड झोपत होतं.

तुमच्या घरात पाळणा असेल तर आज एक काम करा. गजांमध्ये पट्टी धरून मोजा. सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त भरलं तर मध्ये गज वाढवून घ्या. थांबू नका.

ज्यांना सुतारकाम सुरू करायचंय त्यांनी पाटापासून करावं. एक फळी आणि खाली दोन आडव्या पट्ट्या. एक खबरदारी घ्या. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं आणि उन्हाळ्यात आवळतं, लांबीला जवळपास तसंच राहतं. म्हणून खालच्या पट्ट्या फेविकॉल लावून पूर्ण जखडू नका. मधला स्क्रू घट्ट, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांची भोकं जरा लांबट ठेवा, म्हणजे फळीला हलायला जागा मिळते. नाहीतर पाट मधोमध चिरतो आणि आपण लाकडाला नावं ठेवतो.

आता आमच्याकडे अकरा मापकाठ्या आहेत. प्रत्येकीवर वस्तूचं नाव लिहिलंय, टोकाला भोक पाडून तारेत ओवल्यात आणि भिंतीवर टांगल्यात, बंबापासून लांब. गटातल्या आणखी तिघी आमच्याकडे येऊन शिकतात. एकीनं तर कधी करवत हातात धरली नव्हती. करवतीच्या पाटावर तिनं पहिल्या दिवशी वीस पाय कापले, वीसही सारखे. आण्णांनी ते बाजेवर एका ओळीत उभे करायला लावले आणि त्यांच्या डोक्यावरून तळहात फिरवला.

तेव्हा माय-बहिणींनो, तुमच्या घरात आढ्याला, कोनाड्यात, गोठ्याच्या कुडाला एखादी खाचा पाडलेली काठी, वेडावाकडा ठोकळा, चिरा पाडलेली पट्टी असेल, तर चुलीत घालायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दाखवा. सुताराच्या घरी असं नाही. चांभाराकडे, कुंभाराकडे, शिंप्याकडे, कोष्ट्याकडेही असे फर्मे असतात. त्यांना बोलता येतंय तोवर विचारून घ्या, हे कशाचं.

आमच्या देव्हाऱ्याची काठी अजून जुळलेली नाही. आण्णांनी केलेला जुना देव्हारा, ज्याला कमान आहे, तो ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असेल, तर आम्हाला निरोप द्या. आम्ही पट्टी घेऊन येतो. चहा केलात तर थोडा वेळ बसूही.